खारा वारा, मतलई वारा आणि अलास्कातली गोठलेली माती

आमच्या घराच्या खालच्या अंगाला, माडांच्या पलीकडे, पुळणीवर दसरा झाला की बांगडे सुकत घालायला लागतात. दुपारी खारा वारा सुटला की अख्ख्या घरात तो वास, मुंबईचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आणि रात्री मतलई सुरू झाला की घरात काही म्हणजे काहीच नाही, जसं काय कोणी मासा सुकत घातलाच नाही. त्याच वेळी माझा मामा होडी घेऊन समुद्रात असतो, त्याला पहाटे परत येताना किनारा दिसायच्या आधी सुक्याचा वास लागतो. बांगडे तेवढेच. वास मात्र कधी भरपूर, कधी शून्य, वारा कुठून येतोय त्यावर.

हे आठवायचं कारण म्हणजे मामाने मला व्हॉट्सॲपवर पाठवलेला एक व्हिडिओ. उत्तर ध्रुवाजवळची जमीन फाटतेय, तळ्यातून बुडबुडे येतायत, एकजण बर्फाला भोक पाडून तिथे काडी लावतो आणि भडका उडतो, वर लाल अक्षरात ‘मिथेन बॉम्ब’, म्हणजे खालचा मिथेन, हा जळणारा आणि हवा तापवणारा वायू, एकदम बाहेर फुटणार असा दावा. खाली मामाचा प्रश्न, ‘ह्या खरा काय गो? आणि थयलो बर्फ इतळलो तर आमका काय त्येचा?’

भडका खरा आहे. बॉम्ब म्हणणं चूक आहे. पण त्याचा अर्थ विषय फालतू आहे असाही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मामा ज्याला बर्फ म्हणतो तो बर्फ नाही, ती गोठलेली जमीन आहे, पर्माफ्रॉस्ट. हिमनदी वेगळी, ही वेगळी. पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन, म्हणजे माती, वाळू, दगड, मुळं, अधेमधे बर्फाचे पट्टे, सगळं एकत्र गोठलेलं. हिमनदी वितळली की पाणी समुद्रात जातं आणि समुद्र वर येतो, ही नरम पडली की मुख्यतः हवेत वायू जातात. फ्रीजरमधली सुरमई बाहेर काढून ठेवली तर ती काही वितळून जात नाही, तिच्यातला बर्फ सुटतो, ती नरम पडते आणि मग लवकर काही केलं नाही तर कुजायला लागते. जमिनीचंही तसंच.

आणि ही जमीन किती खोलवर गोठलेली असते ते ऐकून आपल्याकडच्या विहीर खणणाऱ्यांना घाम फुटेल. सायबेरियात याकुत्स्क नावाचं शहर आहे, तिथे १८२० च्या दशकाच्या शेवटी फ्योदर शेर्गिन नावाच्या माणसाने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. आपण जांभ्यात वीस-तीस फूट गेलो आणि पाणी नाही लागलं की पाणाड्याला शिव्या घालतो, हा बाबा वर्षानुवर्षं खणत राहिला, ११६ मीटर खाली गेला, तरी गोठलेलीच माती. पाणी लागलंच नाही. पण पुढे १८४० च्या दशकात मिडेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच कोरड्या विहिरीत निरनिराळ्या खोलीवर तापमान मोजलं, आणि जमीन किती खोल गोठलेली असते याचा पहिला धड अंदाज जगाला आला. सायबेरियात काही ठिकाणी ती हजार मीटरच्याही खाली जाते.

मात्र हवेशी देवाणघेवाण करतो तो फक्त वरचा पापुद्रा, कुठे हातभर तर कुठे पुरुषभर. तो दर उन्हाळ्यात सुटतो, परत थंडीत गोठतो. त्यात शेवाळ, गवत, झुडपं वाढतात, मरतात, पण थंडीमुळे नीट कुजत नाहीत आणि हळूहळू खाली दबून कायमच्या गोठलेल्या थरात जातात. हजारो वर्षं हेच चालू. त्यामुळे उत्तरेकडच्या या जमिनीत आज साधारण १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन पडून आहे असं धरतात, म्हणजे सगळ्या जगाच्या हवेत आत्ता जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि नेमका तोच भाग जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतोय.

आता माती सुटली की कुजणार, पण कुजून कुठला वायू होणार हे पाण्यावर ठरतं, आणि हे समजायला अलास्काला जायची गरज नाही. वायंगणी शेताच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात पाय घातला की बुडबुडे येतात ना, तो मिथेन. (वास येतो तो त्याच्याबरोबरच्या गंधकाच्या वायूचा, मिथेनला स्वतःला वास नसतो.) चिखलात वरून पाणी, आत ऑक्सिजन नाही, तिथले सूक्ष्मजीव ऑक्सिजनशिवाय जगतात आणि मिथेन सोडतात, गोबर गॅसच्या टाकीत पण हेच चालतं. उलट शेणखताचा ढीग उघड्यावर, मोकळ्या हवेत असेल तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. उत्तरेकडे जिथे जमीन खचून तळं होतं तिथे कुणग्यासारखं, जिथे पाणी वाहून जाऊन उतार कोरडा होतो तिथे उकिरड्यासारखं. शिवाय मिथेन खालून वर येताना वरच्या कोरड्या थरात मिथेन खाणारे दुसरे जीव बसलेले असतात, ते बराचसा वाटेतच गट्टम करतात. म्हणजे जमीन तापली एवढ्यावरून मिथेन वाढलाच असं म्हणता येत नाही, ती ओली राहिली की कोरडी झाली ते आधी विचारायला लागतं.

फरक का महत्त्वाचा, तर मिथेन जास्त तापवतो पण कमी टिकतो. वजनाला वजन धरलं तर २० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८० पट भारी पडतो, १०० वर्षांच्या हिशोबात २७ ते ३० पट, कारण दहा-बारा वर्षांत तो हवेतून बराचसा संपतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग मात्र पाहुण्यासारखा येतो आणि घरजावई होऊन बसतो.

बरं, मग हवेत हे वायू किती आहेत ते मोजायचं आणि सांगायचं, सोपं आहे की. नाही, इथेच सुक्या बांगड्याची गोष्ट येते.

हवेतलं प्रमाण पीपीएममध्ये सांगतात, दहा लाख कणांमागे किती कण. कार्बन डायऑक्साइड आता ४२० च्या वर आहे, कारखानदारी सुरू व्हायच्या आधी २८० च्या आसपास होता. मिथेन इतका थोडा की शंभर कोटींमागे मोजतात, आता १,९०० च्या वर, पूर्वी ७०० च्या आसपास. पण हे प्रमाण म्हणजे घरात आलेला वास आहे, पुळणीवर किती बांगडे पडलेत त्याची मोजदाद नाही. एकाच जागेवर नळी लावून आकडा वाढलेला दिसला तर तीन-चार गोष्टी झालेल्या असू शकतात, खालची जमीन जास्त वायू सोडतेय, किंवा वारा दुसऱ्या देशाकडून येतोय, किंवा वारा पडलाय.

वारा पडला की काय होतं ते आपण रोज बघतो. पौष-माघात सकाळी न्हाणीच्या चुलीचा धूर वर जातच नाही, आंब्याच्या झाडांखाली चादर घातल्यासारखा आडवा पसरून राहतो, कारण जमिनीलगतची हवा गार आणि जड, वरची गरम, मग झाकण बसल्यासारखं होतं. आठ-नऊला ऊन तापलं की तोच धूर भसाभस वर जाऊन नाहीसा. चूल तीच, लाकडं तीच. ध्रुवाकडे तर हे झाकण हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे बसतं. अलास्काच्या उत्तर टोकाला उटकियाग्विक म्हणून गाव आहे, जुनं नाव बॅरो, तिथे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मावळतो तो जानेवारीच्या शेवटीच परत तोंड दाखवतो, ऊनच नाही तर झाकण उघडणार कोण. अशा वेळी जमिनीतून चिमूटभर वायू निघाला तरी आकडा फुगलेला दिसतो, आणि उन्हाळ्यात भरपूर निघाला तरी वर किलोमीटरभर उंचीत मिसळून पातळ होतो.

मग शास्त्रज्ञ काय करतात? मामा करतो तेच. वारा बघतात.

याच बॅरोला अमेरिकन सरकारची वेधशाळा आहे, १९७३ पासून तिथे हवा मोजतायत. एका बाजूला गोठलेला समुद्र, दुसऱ्या बाजूला टुंड्रा, म्हणजे झाड नसलेली, गवत-शेवाळाची, खाली पर्माफ्रॉस्ट असलेली जमीन. वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो, तेव्हाची हवा म्हणजे लांबून आलेली, मिसळून सारखी झालेली, तिला आधार धरायचं. वारा फिरून टुंड्रावरून आला की परत मोजायचं. आधीपेक्षा जे जास्त भरेल ते त्या जमिनीने सोडलेलं. आमच्या घरी खारा वजा मतलई, तिथे उलटं, मतलई वजा खारा, बस. दिसायला किती साधं, पण दर तासाची नोंद आणि ती पण दशकानुदशकं हवी, म्हणून असं करता येणाऱ्या जागा जगात बोटावर मोजण्याइतक्या.

आणि उत्तर काय आलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, कारण एकाच वेधशाळेच्या एकाच पद्धतीच्या मोजणीतून दोन वायूंनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. २०१६ मध्ये बॅरोची २९ वर्षांची मिथेनची नोंद तपासली गेली, त्या काळात तिथलं तापमान बऱ्यापैकी वाढलं होतं, तरी जमिनीकडून येणाऱ्या मिथेनमध्ये म्हणण्यासारखी वाढ सापडली नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, कार्बन डायऑक्साइडचा असाच हिशोब छापून आला, त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत टुंड्रामधून निघणारा वायू १९७५ पासून साधारण ७३ टक्क्यांनी वाढलेला निघाला. ज्याच्या नावाने व्हिडिओ फिरतायत तो तिथे गप्प, आणि ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही तो पाऊणपटीने जास्त.

ऑक्टोबर ते डिसेंबर? बाहेर उणे वीस असताना? मलाही पहिल्यांदा वाचून चुकीचं छापलंय असंच वाटलं होतं.

याचं उत्तर मामाच्या मासळीच्या पेटीत आहे. पेटीत मासा आणि फोडलेला बर्फ भरला की जोपर्यंत बर्फाचा एक तुकडा शिल्लक आहे तोपर्यंत आतलं तापमान शून्याच्या आसपासच राहतं, बाहेर मे महिना असला तरी, कारण आत येणारी सगळी उष्णता बर्फाचं पाणी करण्यातच खर्च होते. आता हेच उलटं करा. पाणी गोठताना तीच उष्णता बाहेर टाकतं. त्यामुळे उन्हाळ्यात सुटलेला मातीचा थर थंडीत गोठायला लागला की वरून गोठतो, खालून पर्माफ्रॉस्टच्या बाजूने गोठतो, आणि मधे ओल्या मातीचा एक थर अडकतो, त्यात जोपर्यंत पाणी शिल्लक आहे तोपर्यंत तो शून्यावरच लटकून राहतो, खाली उतरत नाही. वर बर्फ पडून गोधडी घातलेली असते ती वेगळीच. काही ठिकाणी ही अवस्था तीन-तीन महिने चालते. शून्य अंश आपल्याला थंड, पण त्या मातीतल्या सूक्ष्मजीवांची त्यात कामं आरामात चालू असतात. वर झाडंझुडपं मात्र झोपलेली, सूर्य नाही, म्हणजे वायू शोषून घेणारं कोणीच नाही. उन्हाळ्यात कुजून निघालेला वायू हिरवळ लगेच परत ओढून घेते, थंडीत जे निघालं ते थेट हवेत जमा. उन्हाळा जितका गरम, सुटलेला थर तितका जाड, त्यात पाणी जास्त, मग ते गोठायला तितके दिवस जास्त. आता ते ७३ टक्के कुठून आले ते कळतं.

मिथेनचंही थोडं तसंच आहे हां, अलास्काच्या उत्तर भागात पाच जागी मोजलं तेव्हा वर्षभरातल्या मिथेनपैकी निम्मा किंवा जास्तच थंडीच्या महिन्यांत, सप्टेंबर ते मे, निघताना दिसला. इतकी वर्षं बरेच संशोधक उन्हाळ्यात जाऊन मोजून यायचे आणि थंडीत माती झोपलेली असणार असं धरून चालायचे. माणसाचा दोष नाही, उणे तीस-चाळीसमध्ये यंत्रंच जाम होतात.

मोजायच्या बाकीच्या पद्धती पटकन सांगते. एक म्हणजे जमिनीवर झाकण ठेवायचं, डालग्याखाली कोंबडी झाकतो तसं, आणि आतला वायू किती वेळात किती वाढतो ते बघायचं, पण यात चार हात जमिनीचंच कळतं. दुसरी म्हणजे मनोरा उभारून वर जाणारी आणि खाली येणारी हवेची प्रत्येक गिरकी सेकंदाला दहा वेळा मोजायची, त्यातून आसपासच्या शेतभर जागेचा हिशोब लागतो. तिसरी विमान, नासाने २०१२ पासून काही वर्षं अलास्कावर असं विमान फिरवलं होतं, त्याचे आकडे आणि बॅरोचे आकडे जोडूनच ती ७३ टक्क्यांची गोष्ट पक्की झाली. वरून उपग्रह पण आहेत, पण बरेचसे परत आलेल्या सूर्यप्रकाशावर चालतात, म्हणजे ऐन अंधाराच्या महिन्यांत आंधळे.

आता मामाच्या दुसऱ्या प्रश्नावर, आमका काय त्येचा.

आपल्याच किनाऱ्यावर, खाली गोव्यात काणकोण तालुक्यात काबो द रामचा कडा आहे, रामसीता वनवासात तिथे राहिले होते अशी गोष्ट सांगतात, किल्ला बघायला लोक जातात. १९९३ पासून काही वर्षं या भागातून हवा बाटल्यांमध्ये भरून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासायला जायची. हवा एक्स्पोर्ट, तीही मोफत! त्यात काय दिसलं तर पावसाळ्यात नैऋत्येचा वारा थेट विषुववृत्ताच्या पलीकडून, हजारो मैल मोकळ्या समुद्रावरून येतो, तेव्हा स्वच्छ हवा, आकडे कमी. थंडीत वारा फिरतो, देशावरून, उत्तरेकडून येतो, आकडे वर. म्हणजे बॅरोचा खारा-मतलई तिथे दिवसादिवसाला बदलतो, तोच आपल्याकडे ऋतूप्रमाणे बदलतो. त्या थंडीतल्या बाटलीत शेतातला, वाहनांचा, वीजकेंद्रांचा वायू तर होताच, पण उत्तर गोलार्धाची हवा काही आठवडे-महिन्यांत आपसात मिसळते, सगळ्या जगाची साधारण वर्षभरात, त्यामुळे सायबेरियातल्या कुठल्या तरी कुजलेल्या मुळाचे चार कण त्यातही असणारच. वायूला गावाची वेस कळत नाही.

फक्त किती, हे प्रमाणात बघायला पाहिजे. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या आयपीसीसी अहवालात, २०२१ च्या, असा अंदाज आहे की जगाचं तापमान एक अंश वाढलं तर त्यामागे पर्माफ्रॉस्टमधून सन २१०० पर्यंत साधारण १८ अब्ज टन कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात निघेल, पण हा आकडा ३ पासून ४१ पर्यंत कुठेही असू शकतो. आपण माणसं कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून दर वर्षी साधारण १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. म्हणजे एका अंशामागे या शतकअखेरपर्यंतचं त्या जमिनीचं सगळं देणं आपल्या दोनेक वर्षांच्या धुराएवढं. हे ऐकून काहीजण म्हणतात मग टेन्शन कशाला. तर त्यात गोम अशी आहे की गाडीचा, कारखान्याचा धूर बंद करता येतो, ठरवलं तर. जमीन एकदा सुटली की तिला स्विच नाही, आपण सगळं जाळणं थांबवलं तरी ती पुढे कित्येक दशकं, शतकं आपल्या गतीने कुजत राहणार. ते १८ आपल्या खर्चाच्या वहीत आपण न लिहिता परस्पर लिहिले जातात, आणि तीन ते एक्केचाळीस एवढी मोठी फट असताना बजेट कसं करायचं ते करा.

तशी पहिली नोंद पडलेली पण आहे. अमेरिकेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात म्हटलंय की तिकडची टुंड्रा, वणव्यांचा धूर हिशोबात धरला तर, आता कार्बन डायऑक्साइड घेण्यापेक्षा जास्त देतेय. हजारो वर्षं ती घेणारी बाजू होती.

आणि व्हिडिओतल्या मिथेनबद्दल, २००७ पासून जगाच्या हवेत मिथेन परत वेगाने वाढतोय हे खरंय, पण आत्तापर्यंतच्या पुराव्यावरून त्यातला मोठा वाटा उष्ण कटिबंधातल्या दलदली, गुरंढोरं, शेती, कचरा आणि तेल-वायूच्या गळतीचा दिसतो, ध्रुवाकडचा नाही. २०१४ मध्ये सायबेरियात यामालला जमिनीला पडलेले ते गोल खड्डे खरे आहेत, फोटोही खरे, जमिनीखाली कोंडलेल्या वायूच्या दाबाने ते फुटले, पण जगाच्या हवेच्या हिशोबात असा एक खड्डा म्हणजे चिल्लर. जे महाग पडतंय ते दिसत नाही, भडकत नाही, त्याचा व्हिडिओ निघत नाही, ते नोव्हेंबरच्या अंधारात बर्फाच्या गोधडीखाली शून्य अंशावर निवांत चालू असतं.

हे सगळं मी मामाला दोन बैठकांत सांगितलं, मधे तो एकदा जाळं शिवायला उठून गेला. पेटीची गोष्ट त्याला लगेच पटली, पीपीएम पटला नाही, ‘धा लाखात चारशे म्हणजे काय गो, मिठाएवढा पण नाय,’ म्हणाला. मी म्हटलं, सुक्याचा वास यायला नाकात किती बांगडा जातो? त्यावर हसला. आणि संध्याकाळी बघते तर तोच व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर, लाल अक्षरांसकट, फक्त खाली त्याने एक ओळ जोडलेली: ‘वारो खंयचो होतो ता आधी इचारा.’